मावशीवरची मोजणी

४ जानेवारी, सोमवार

नोकरी लागली! वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हे वाक्य लिहिताना गालातल्या गालात हसू येतंय. धाकटा सकाळी बंदराच्या फाटकावर मला घ्यायला आला होता. पहारेकऱ्याला 'ही माझी ताई, आजपासून आमच्याकडे' असं तो इतक्या तोऱ्यात सांगत होता, की त्या बिचाऱ्याने मला सलामच ठोकला.

काम असं आहे: तटरक्षक दलाचं एक गस्ती जहाज एकतीस वर्षांच्या सेवेनंतर पुढच्या महिन्यात भंगारात जाणार. त्याआधी त्याचं पुस्तक करायचं. ते कसं बेतलं, कसं बांधलं, कुठे कुठे धावलं, किती जीव वाचवले, सगळं शंभर पानांत आणि सहा आठवड्यांत. मी एकोणीस वर्षं एका जहाजकारखान्यात आराखडे तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार घ्यायचा, असलं सुखाचं काम. ती सवय घरीही आणली आणि नवऱ्याच्या चुका काढत बसले. त्याने दहा वर्षं ऐकून घेतलं आणि मग बॅग भरली. मागच्या वर्षी कारखानाही बंद पडला. तेव्हापासून मी घरात बसून भिंतींचे कोन तपासते, असं धाकट्याचं म्हणणं आहे.

धाकटा या जहाजावर चार वर्षं इंजिनाचा मेकॅनिक आहे. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता आणि बाबा कायम फिरतीवर, त्यामुळे त्याचं दप्तर, ताप, परीक्षा, सगळं माझ्याच गळ्यात. आता त्याची बायको सात महिन्यांची गरोदर आहे. तो बाप होणार यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तसा माझा कशावरच पटकन बसत नाही म्हणा.

जहाजाला सगळे 'मावशी' म्हणतात. बुडणाऱ्याच्या मदतीला धावून येते म्हणून. मला बसायला दिलेली खोली म्हणजे मावशीचा जुना दवाखाना. जमिनीला बोल्टने आवळलेलं टेबल, भिंतीला दुमडून लावलेल्या दोन खाटा, एक गोल खिडकी आणि दाराशेजारी बटण असलेला बोलायचा डबा. औषधांचा वास अजून गेलेला नाही. कप्तान काटकुळे आणि अतिशय सभ्य आहेत, दिवसभर नुसतं गरम पाणी पितात. सामानाच्या कोठीवरचे गृहस्थ प्रत्येक कपाटाला कुलूप लावतात, म्हणून त्यांना कुलूपकाका म्हणतात. मला एक पेन्सिल देतानाही त्यांनी दोन कुलपं उघडली. दारं, झाकणं आणि दोरखंड यांची जबाबदारी असलेला एक पिकल्या मिशांचा खलाशी आहे, त्याला सगळे 'डबल' म्हणतात. का, ते विचारलं तर तो तोंड फिरवून निघून गेला.

७ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस मूळ आराखड्यांत डोकं घालून बसले आहे. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटतंय.

लांबी बावन्न मीटर, रुंदी नऊला जरा कमी, दोन इंजिनं. नाकाड उंच, म्हणजे लाट फुटून बाजूला जावी. मागची बाजू मुद्दाम पाण्यालगत खाली आणलेली, म्हणजे माणसाला ओढून घेताना फार वाकायला नको. ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, काचा वरच्या बाजूने बाहेर कललेल्या, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब त्यांवर पडत नाही. ज्याने कोणी हे बेतलं त्याला समुद्र कळत होता.

एकच गोष्ट मला खटकली. डेकवरच्या खोल्यांचं मधलं घर जहाजाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खी रुंदी अडवून बसलंय. साधारणपणे दोन्ही अंगांना चालायला अरुंद वाट असते. इथे ती नाही. पुढच्या डेकवरून मागे जायचं तर आतूनच जायला हवं, आणि आगीच्या वेळी आतली दारं तर बंद करतात. मी नाक फुगवून त्या भागाचा आराखडा शोधायला लागले, आणि समासात माझ्या आधीच कोणा तपासनिसाने लाल पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं, की पुढच्यांना मागचे दिसणार नाहीत, मग आपत्तीत माणसं मोजणार कशी? खाली निळ्या शाईत आराखडाकाराचं उत्तर: बुडताना वाचवलेल्या चाळीस जणांना झोपवायला जागा हवी, माणसं आवाजाने मोजा. मी एकटीच टाळ्या वाजवत बसले. असं खणखणीत भांडण किती दिवसांनी वाचलं!

आणि खरंच, मावशीवर गेली एकतीस वर्षं माणसं आवाजाने मोजतात. खलाशी तेवीस, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. भोंगा झाला की ज्याने त्याने आपापल्या जागेवर जायचं, कोणी पाण्याच्या नळापाशी, कोणी तराफ्यापाशी, कोणी तेलाच्या चावीपाशी. कोणी कोणाला दिसत नाही. जवळच्या डब्याचं बटण दाबून ओळीने आपला आकडा सांगायचा, तो सगळ्या जहाजावर ऐकू येतो. इंजिनरूममध्ये आग लागली तर दार बंद करून आत गॅस सोडतात. त्या गॅसने आग विझते आणि आत माणूस असेल तर तोही विझतो. म्हणून मोजणी पुरी झाल्याशिवाय गॅसच्या चावीला कोणी हात लावत नाही. आज कवायत होती. चाळीस सेकंदांत तेवीस आकडे, झकास! धाकट्याचा सतरा. तो 'सतराऽ' असा शेवट ओढतो, शाळेत हजेरी द्यायचा तसाच.

१२ जानेवारी, मंगळवार

आता सेवेचा इतिहास. नोंदवह्या वाचायला घेतल्या आहेत. मजा आहे. पाचव्या वर्षी वाहून गेलेलं दीपस्तंभाचं सामान दोन दिवस ओढत आणलं. नवव्या वर्षी बुडत्या होडीतून सहा माणसं आणि एक बकरी वाचवली. कारकुनाने बकरीला रकाना नसल्यामुळे 'इतर प्रवासी' असं लिहिलंय. मी हे पुस्तकात घालणार, कोणी काही म्हणो.

पण सहाव्या, चौदाव्या आणि बाविसाव्या वर्षाच्या वह्या फळीवर नाहीत. कुलूपकाकांना विचारलं. म्हणाले, बांधणीला दिल्यात, फाटल्या होत्या. आता मला सांगा, मागेपुढे आठ-आठ वर्षांचं अंतर असलेल्या तीनच वह्या एकदम कशा फाटतील? बरं, बांधणाऱ्याचा पत्ता द्या म्हटलं तर त्यांना एकदम खोकला आला. जेवताना मी तोच विषय काढला, तर टेबलावर अळीमिळी गुपचिळी. नव्या मुलांना काही माहीतच नाही, आणि जुने ताटात बघत बसले.

कुठेतरी पाणी मुरतंय. धाकट्याला बोलून दाखवलं तर हात जोडून म्हणाला, ताई, दहा दिवस तरी कोणावर संशय घेऊ नकोस गं.

१९ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी साडेदहाला आगीची कवायत झाली, बंदरातच, जहाज धक्क्याला बांधलेलं असताना. कप्तान मुख्य कचेरीत गेले होते. मी माझ्या खोलीत चहा पीत डब्यावरचे आकडे ऐकत होते. पंधरा, सोळा, 'सतराऽ', अठरा. धाकट्याचा आवाज नेहमीसारखा. मोजणी पुरी, तेवीस पैकी तेवीस.

अकरा वाजता धाकटा खाली फाटकातून आत येताना दिसला, हातात दवाखान्याची फाइल. भावजयीला तपासायला घेऊन सकाळी आठलाच गेला होता, कप्तानांची परवानगी काढून. बाळ उत्तम आहे, म्हणाला. मी म्हटलं, अरे, मग मघाशी सतरा कोण बोललं? तो आधी गोंधळला, मग हसत सुटला. कोणीतरी प्रॉक्सी मारली असणार, म्हणाला, बिचाऱ्याला वाटलं असेल मी सुट्टी न घेताच गेलोय.

प्रॉक्सी कशी मारतात ते मलाही ठाऊक आहे. कॉलेजात मी स्वतः तीन मैत्रिणींची हजेरी लावायचे. पण प्रॉक्सीत माणूस आवाज बदलतो, दुसऱ्याचा आवाज लावत नाही. तो आवाज धाकट्याचा होता. त्याचं दुसरीतलं रडणंसुद्धा मी भिंतीपलीकडून ओळखायचे.

२१ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. सोळावाला म्हणतो मी नाही, अठरावाला आईची शपथ घेतो. धाकटा वैतागलाय. प्रॉक्सीला इथे मोठी शिक्षा आहे, म्हणे, कशाला कोणाला गोत्यात आणतेस?

संध्याकाळच्या चहाला मी कप्तानांपुढे सहज म्हणून विषय काढला. त्यांचा पेला ओठांपाशी थांबला. एवढंच विचारलं, कितवा आकडा? मी सांगितला. पेला खाली ठेवून ते निघून गेले. पाणी तसंच राहिलं. तुम्हाला कोणी विचारलं की पाऊस पडतोय का, आणि तुम्ही उलट विचारलंत की किती वाजल्यापासून, तर त्याचा अर्थ काय होतो? अर्थ हाच की तुम्हाला अपेक्षा होती.

या माणसाला काहीतरी ठाऊक आहे. कुलूपकाकांना ठाऊक आहे. डबल तर आजकाल मला बघून वाट बदलतो. तिघांनी मिळून काहीतरी दडपलंय आणि त्यात माझ्या भावाचा आकडा आहे.

२७ जानेवारी, बुधवार

ते वह्या देत नाहीत ना? ठीक. पुस्तकाचं पत्र दाखवून मी आज मुख्य कचेरीच्या अभिलेखागारात गेले. तिथल्या बाईंनी मुकाट्याने तिन्ही वर्षांच्या चौकशीच्या फायली काढून दिल्या. त्यांवर बोटभर धूळ होती.

सहावं वर्ष: इंजिनरूममध्ये धूर. मोजणी, तेवीस पैकी तेवीस. दार बंद, गॅस सोडला. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा आत आचारी मेलेला होता. चौदावं वर्ष: वीजतंत्री, तसाच. त्यानंतर नियम केला की मोजणी दोनदा करायची. बाविसावं वर्ष: मोजणी दोनदा केली, दोन्ही वेळा तेवीस पैकी तेवीस. आत इंजिनाचा मेकॅनिक.

तिन्ही चौकशांचा निष्कर्ष एकच, कानामात्रेचा फरक नाही. मृताच्या जागी सोबत्याने सवयीने हजेरी लावली. तिन्ही वेळा पुढच्या आकड्याच्या माणसाला शिक्षा झाली. तिघांनीही शेवटपर्यंत सांगितलं, की मी फक्त माझा आकडा बोललो. तिसऱ्याची बढती कायमची रोखली आणि त्याच्या नावापुढे 'दोन आकडे बोलला' असा शेरा मारला. म्हणून त्याला डबल म्हणतात.

आणि त्या तिसऱ्या वेळी गॅसची चावी फिरवणारा तरुण अधिकारी म्हणजे आजचे आपले कप्तान.

फाइल परत करताना बाईंनी विचारलंही, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, छे, धुळीचा त्रास.

२ फेब्रुवारी, मंगळवार

डबलला आज दोरखंडांच्या कोठीत गाठलं आणि दारात उभी राहिले. म्हटलं, तुम्ही दोन आकडे बोलला नाहीत, माझा विश्वास आहे. एवढ्या एका वाक्यावर तो साठीचा माणूस ढसाढसा रडला. नऊ वर्षांत हे वाक्य त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

मग सांगितलं. त्याचा तो मेकॅनिक सोबती जाण्याच्या तीन आठवडे आधी बहिणीच्या लग्नाला गेला होता, दोन दिवस. त्या दोन दिवसांतल्या कवायतीत त्याचा आकडा आला. त्याच्याच आवाजात, तोंडात नेहमीसारखी सुपारी असल्यासारखा. सगळे हसले. मागच्या दोघांच्या वेळीही असंच झालं होतं, असं जुन्या लोकांकडून त्याने नंतर ऐकलं. तो म्हणाला, ते जे काय आहे ते आधी आवाज गिरवून घेतं, मग माणूस घेतं. कोण आहे, विचारलं. म्हणाला, बाई, मला ठाऊक असतं तर मी नऊ वर्षं शिव्या खाल्ल्या असत्या का?

वह्या कप्तानांनीच हलवल्या आहेत. नवी मुलं घाबरून पळू नयेत म्हणून, आणि मावशीला भंगारात काढण्याची पत्रं पाच वर्षं तेच लिहीत होते, त्यांना पुरावा म्हणून. मी ज्याला चोर समजत होते तो माणूस घरातला साप बाहेर काढायला धडपडत होता. असं डबल म्हणतो. खरं असेलही. पण मग धाकट्याच्या आवाजाचं कळल्यावर कप्तान गप्प का बसले?

५ फेब्रुवारी, शुक्रवार

कप्तानांशी बोलले. त्यांनी काहीच नाकारलं नाही. बारा तारखेला मावशीची शेवटची फेरी आहे. भंगाराच्या धक्क्यापर्यंत, सकाळी सातला निघून दुपारी पोचायचं. मी म्हटलं, माझ्या भावाला वगळा. ते म्हणाले, डावं इंजिन त्याच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही आणि बदलीचा मेकॅनिक हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडलाय. एवढे आठ तास, मग ही पीडा कायमची जाईल. मी दोनाऐवजी तीनदा मोजेन, म्हणाले. मी म्हटलं, तीनदा काय नि तीस वेळा काय, मोजणार आवाजच ना? मग म्हणाले, आकड्यावर थांबणार नाही, त्या माणसालाच ठाऊक असेल अशी खूण विचारायला लावेन.

धाकट्याकडे गेले. पोटात दुखतंय म्हणून रजा टाक, म्हटलं. सगळं सांगितलं, फायलीतलं, डबलचं. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, ताई, या संशयाने तू दादांना घालवलंस, आता मलाही घालवणार का? दादा म्हणजे माझा नवरा. भावजय आतून ऐकत होती. मी चप्पल घालून निघाले. रिक्षात बसून रडले आणि रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला.

९ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा आला होता. पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. चुकलो म्हणाला. रजा मात्र घेणार नाही. बावीस जणांना समुद्रावर एका इंजिनावर सोडून कसा राहू?

मग मीही येणार, म्हटलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण. कप्तान नाही म्हणू शकले नाहीत. पाहुण्यालाही आकडा लागतोच, म्हणाले. मला चोवीस दिला. भोंगा झाला तर मी माझ्याच खोलीत थांबायचं आणि तिथल्या डब्यातून बोलायचं.

धाकट्याने वचन घेतलं, की काही झालं तरी तू खोलीतून हलायचं नाहीस. मी घेतलं त्याच्याकडून, की भोंगा झाला की इंजिनरूममध्ये एक क्षण थांबायचं नाहीस. दोघांनी दिलं.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आज कवायत झाली. मी पहिल्यांदा चोवीस बोलले. आवाज चिरका आला, सगळे हसले.

सतरा ऐकताना मी धाकट्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते. त्याचे ओठ हलताना पाहिले. तोच बोलला. मग धावत खोलीत येऊन माझा आकडा दिला, तोवर सगळे चोवीससाठी थांबले होते. उद्या असं पळता येणार नाही.

झोप नाही. जीव टांगणीला लागलाय.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ७.१० — निघालो. ऊन स्वच्छ. समुद्र सपाट. धाकटा खाली जाताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

९.३० — सगळं ठीक. डबल दर अर्ध्या तासाने दारावर टकटक करून जातो. कप्तानांनी गरम पाणी पाठवलं! मी प्यायले.

१०.४८ — भोंगा. खरा. इंजिनरूममध्ये धूर, डाव्या बाजूला. डब्यावर कप्तान बोलतायत. मी खोलीतच आहे. हलणार नाही. वचन दिलंय.

१०.५० — मोजणी. एक, दोन, तीन — भरभर येतायत — सोळा — सतराऽ — आला! अठरा — तेवीस. मी बोलले, चोवीस. पुरी झाली.

आला सतरा.

पण तो तसाच आला. अगदी तसाच, एकोणीस तारखेला आला होता तसा. धूर आहे, माणूस धावत वर गेलाय, आणि आवाजात धाप नाही? इतका स्वच्छ? आज कोणी त्याच्या शेजारी उभं आहे का? कोणी त्याचे ओठ पाहिलेत?

कप्तान म्हणतायत, दार बंद करा, दुसरी मोजणी दहा मिनिटांनी, मग गॅस.

दहा मिनिटं आहेत. वचन गेलं खड्ड्यात. मी खाली इंजिनरूममध्ये जाते. वही खिशात घेते.

११.०१ — तो इथे नाही.

मी आत आले तेव्हा दार उघडं होतं. इंजिनं थांबलेली. डाव्या इंजिनामागे धूर, आग अशी नाहीच, नुसतं काहीतरी धुमसतंय. हाका मारल्या. पंपामागे पाहिलं, बाकाखाली पाहिलं. तो नाही. मागे वळले तर दार बंद. बाहेरून खिट्ट्या लागल्यात. ज्याने लावल्या त्याचा काही दोष नाही, मोजणी पुरी होती ना.

पान्ह्याने दार बडवलं. कोणी येत नाही. सगळे आपापल्या जागेवर. वरचं झाकण ढकललं. हलत नाही, त्याच्यावर काहीतरी उभं असल्यासारखं. फोन बंद, वीज तोडली. एक छोटा दिवा आहे, त्याच्या उजेडात लिहितेय. भिंतीवर डबा आहे, तो बॅटरीवर चालतो. बटण दाबलं.

आवाज निघत नाही. तोंड उघडतंय, वारा येतोय, आवाज नाही. धुराने बसला असेल. धुरानेच. परत दाबते.

नाही.

११.०३ — घाबरू नकोस. दुसरी मोजणी व्हायची आहे. मोजल्याशिवाय गॅस नाही. चोवीस रिकामा जाईल. मग थांबतील, मग शोधतील. डबल आधी इकडेच येईल.

११.०४ — सुरू झाली. एक. दोन —

पंधरा. सोळा.

सतरा. खोकत! धाप लागलीय, अर्धा आकडा खोकल्यात गेला — हा खरा आहे. हा माझाच आहे. धाकटा वर आहे. मघाचाही तोच असणार. उगाच आले मी. उगाच. देवा, तो वर आहे, त्याला काही झालेलं नाही! रडू येतंय, त्यालाही आवाज नाही.

एकवीस. बावीस. तेवीस.

आता थांबतील —

चोवीस.

कोणीतरी चोवीस म्हणालं.

मी म्हणाले. डब्यातून. स्वच्छ. मी बटणाला हात लावलेला नाही. माझा आवाज केव्हा गिरवला? सहा आठवडे मीच तर बडबडत होते सगळ्यांशी.

बटण. बटण. नाही येत —

धाकटा बोलतोय. कप्तानांनी खूण विचारायला लावलीय. शहाणा माझा तो. ताई, नक्की तूच ना, म्हणतोय. बाबांचं घड्याळ खरं कोणी फोडलं होतं?

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. डब्यातल्या तिला नाही सांगता येणार. विचार बाळा, अजून वि—

सांगितलं.

तू फोडलंस आणि मार मी खाल्ला. असंच म्हणाली. हसून म्हणाली, मी हसते तशीच.

तोही हसतोय. खोकतोय आणि हसतोय. ताईच आहे, म्हणतोय. सर, ताईच आहे, सोडा गॅस.

शिट्टी वाजतेय. छतातल्या नळ्यांतून —

धाकट्या, सोडा असं तू म्हणालास हे मनाला लावून घेऊ नकोस. कोणीही फसलं असतं. मीसुद्धा. तुझ्या जागी मी असते तरी तिलाच ता